तिरपे ऊन

टाकीची खूण. पाथरवटाने शेवटचा हात फिरवला तेव्हा दगडावर राहिलेल्या बारीक, समांतर रेघा. अंबरनाथचे शिवमंदिर शके 982 चे, म्हणजे इ.स. 1060 चे, शिलाहार मम्वाणीच्या काळातले. साडेनऊशेहून अधिक पावसाळे त्याने सोसले आहेत. अशा देवळावर टाकी शोधायची तर मूर्तीच्या चेहऱ्याकडे पाहून चालत नाही. बगलेत, मांडीच्या मागे, प्रभावळीच्या खाचेत, पागोळीचे पाणी पोचत नाही तिथे नजर घालावी लागते. रंगीत फोटोत डोळा आधी शेवाळाच्या हिरव्याकडे आणि कुंकवाच्या लालकडे धावतो. काळ्या-पांढऱ्यात रंग निघून जातो आणि उंचसखलपणा उरतो. तो उंचसखलपणा म्हणजेच पाथरवटाचे काम. मूर्तींचे फोटो मी काळे-पांढरे काढतो ते एवढ्यासाठी. जुनेपणाची छटा यावी म्हणून नव्हे.

वेरूळच्या कैलासावर गिलाव्याचे आणि रंगांचे अवशेष आजही दिसतात. तेव्हा त्या काळच्या माणसांनी आपले देव उघड्या काळ्या दगडातच पाहिले असतील असे धरून चालता येत नाही. काळा-पांढरा फोटो मूळचे दर्शन घडवत नाही. तो हाताचे काम दाखवतो, आणि त्या दिवशी दगड कोणत्या अवस्थेत होता ते सांगतो. हे दुसरे मला जास्त मोलाचे वाटते, कारण ती अवस्था दर वर्षी बदलते आहे.

पुढे नोंदवलेल्या गोष्टींपैकी काही दगडावरून जात आहेत, काही दगडाचा फोटो काढणाऱ्याच्या हातून. त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून वेगळ्या लावलेल्या नाहीत.

उत्तरेची भिंत. पूर्वाभिमुख देवळाची दक्षिणेची भिंत उदार असते. हिवाळ्यात सूर्य दिवसभर तिच्या बाजूला असतो. जंघेवरची, म्हणजे भिंतीच्या मधल्या पट्ट्यावरची, प्रत्येक सुरसुंदरी सकाळी एका अंगाने आणि संध्याकाळी दुसऱ्या अंगाने उठून दिसते. उत्तरेच्या भिंतीचे तसे नाही. सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिच्यावर ऊन पडतच नाही. नंतर सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ ते भिंतीला चाटून जाते. सिन्नरच्या गोंदेश्वराला साधारण 20 मेपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कलतो, आणि तेवढ्याच दिवसांत ऊन त्या भिंतीला घासत वरून खाली उतरते. त्यातला जून-जुलै ढगांत जातो. हाती उरतो तो मेचा शेवट आणि नशीब असेल तर जूनचे पहिले काही दिवस.

काही शिवमंदिरांत उत्तरेच्या देवकोष्ठात, म्हणजे मूर्तीच्या कोनाड्यात, चामुंडा असते. खपाटीला गेलेले पोट, सुकलेली छाती, ताणलेल्या शिरा. सपाट उजेडात ती नुसती एक काळी आकृती होते. वरून उतरणाऱ्या त्या उन्हात तिची बरगडी न् बरगडी मोजता येते, आणि पाथरवटाने हाडामांसाचा किती बारकाईने विचार केला होता ते कळते. त्याला त्या उन्हाची वेळ ठाऊक होती की नव्हती, मी सांगू शकत नाही. मला ती पंचांगावरून काढावी लागते.

अलीकडे पुष्कळ देवळांच्या उत्तरेला पत्र्याची शेड येते. दर्शनाच्या रांगेसाठी, चपलांसाठी, महाप्रसादासाठी. माणसांना सावली हवी, हे खरेच आहे. पण शेड आली की त्या भिंतीचे ऊन कायमचे संपते, आणि ते कुणी नोंदवूनही ठेवत नाही.

लाल रंग. याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. 1851 मध्ये ओल्या कोलोडियनची काच आली. आपल्याकडच्या देवळांचे आणि लेण्यांचे पुष्कळ जुने फोटोसंग्रह झाले ते त्या काचेवर आणि तिच्यामागून आलेल्या कोरड्या काचेवर. त्या काचेला निळा उजेड तेवढा नीट कळे. लाल तिच्या लेखी काळोखच होता. त्यामुळे शेंदूर फासलेला गणपती आणि काळ्या पाषाणाचा उघडा गणपती त्या फोटोत सारखेच काळे येतात. हळदही गडद येते. निळे आकाश कोरे पांढरे. सर्व रंग ओळखणारी पॅन्क्रोमॅटिक काच बाजारात आली 1906 मध्ये; त्याआधीच्या फोटोवरून ‘तेव्हा मूर्तीला शेंदूर नव्हता’ असे कुणी म्हणत असेल तर ते मानू नये. त्या काचेला ते सांगताच येत नव्हते.

पॅन्क्रोमॅटिक फिल्मवर मात्र शेंदूर ओळखता येतो. भिंगावर लाल फिल्टर चढवून एक फ्रेम घ्यायची, निळा फिल्टर चढवून दुसरी. पहिल्या फ्रेमेत शेंदूर जवळजवळ पांढरा येतो, दुसरीत काळा. दोन्ही शेजारी ठेवल्या की शेंदराची हद्द कळते: कुठपर्यंत दगड आणि कुठून थर. मूर्तीला बोटही न लावता ही तपासणी होते. ज्या देवावर लोकांची श्रद्धा आहे त्याला खरवडून पाहण्याचा अधिकार मला नाही, आणि खरवडावेसे वाटतही नाही. दोन फ्रेमा पुरतात.

थर किती जाड होऊ शकतो ते 2022 साली सप्तशृंगगडावर दिसले. वर्षानुवर्षांचा शेंदूर काढल्यावर देवीचे जे रूप समोर आले ते कित्येक पिढ्यांनी पाहिलेलेच नव्हते. त्या वेळी माझ्या मनात आले ते असे, की थराखाली नाक-डोळे शाबूत राहतात. उघड्यावरच्या मूर्तीचे राहत नाहीत. शेंदूर झाकतो आणि राखतोही.

ऑइलपेंटबद्दल मला असे काही चांगले बोलता येत नाही. तो दगडाला श्वास घेऊ देत नाही; आतली ओल बाहेर यायला वाट शोधते आणि पापुद्रे उडवते. पुढे कुणाला तरी मूळ दगड हवासा वाटतो आणि वाळूचा झोत मारून रंग काढतात. झोत रंगापाशी थांबत नाही. दागिन्याची कड, पापणीची रेघ, वस्त्राची चुणी, सगळे गोल होते. टाकीची खूण तर पहिल्या फटक्यात जाते. असा साफ केलेला दगड रंगीत फोटोत देखणा दिसतो. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हवर तो मऊ, राखाडी, बिनकण्याचा येतो.

चुन्याचे हात त्यापेक्षा बरे होते. कोरीवकाम बुजत असे, पण चुना सावकाश, दगडाला फारसे न दुखवता काढता येतो.

इंदू. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची फिल्म आणि कागद. कंपनी 1960 मध्ये स्थापन झाली, उत्पादन 1967 मध्ये सुरू झाले. पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनची ओर्वो फिल्मही मिळे. शाळामास्तर, वकील, हौशी इतिहाससंशोधक अशा माणसांना परवडणारी ही फिल्म होती, आणि तालुक्या-तालुक्यातल्या मूर्तींचे फोटो त्यांनीच काढले. भारी फिल्म पदरी असणारे फार तर खजुराहोला किंवा वेरूळला जात. आडगावच्या पडक्या देवळाकडे वळणारा माणूस स्वस्त रोलवाला असे. उटीचा कारखाना कायमचा बंद झाला. कोडॅकने काळ्या-पांढऱ्या छपाईचा कागद बनवणे 2005 मध्येच थांबवले. इंग्लंडमधून इलफर्डची फिल्म अजून येते, पण शाळामास्तराच्या खिशाला ती झेपणारी नाही.

काळ्या दगडाचे मीटर. उजेड मोजणारे मीटर समोरची वस्तू मध्यम राखाडी आहे असे धरून चालते. बेसॉल्ट तसा नसतो. मीटरचे ऐकले तर खिद्रापूरच्या देवळावरचा दगडी हत्ती सिमेंटचा वाटतो. मीटरपेक्षा कमी उजेड द्यावा तर हत्तीच्या पोटाखालची नक्षी बुडते. यावर जुन्या लोकांचा नियम होता: एक्स्पोजर सावलीसाठी, डेव्हलपिंग उजेडासाठी. म्हणजे सावलीतली नक्षी येईल एवढा उजेड फिल्मला द्यायचा, आणि धुताना वेळ कमी करून उन्हातला भाग जळू द्यायचा नाही. हा नियम पुस्तकांत आहे. पण कोणत्या देवळाला किती मिनिटे कमी, हे ज्यांच्या बोटांत होते ती माणसे गेली. तेल मुरलेल्या मूर्तीला एक हिशेब, धुळीने माखलेल्या मूर्तीला दुसरा, पावसात भिजलेल्या मूर्तीला तिसरा.

एस.टी. स्टँडजवळचा फोटो स्टुडिओ. पुढे पडदा आणि खुर्ची, मागे डार्करूम. मेटॉल, हायड्रोक्विनोन, हायपो. लाल दिव्याखाली ट्रेमधल्या ब्रोमाइड कागदावर चित्र हळूहळू उमटायचे. लग्नाच्या आणि पासपोर्टच्या कामात गुंतलेला तो फोटोग्राफर गावच्या देवळाचेही दोन-चार फोटो काढून ठेवायचा, जत्रेच्या निमित्ताने, जीर्णोद्धाराच्या वर्गणीसाठी किंवा नुसत्या आवडीने. देऊळ पाडून नवे बांधण्यापूर्वीचा एकमेव फोटो पुष्कळदा त्याच्याच कपाटात असतो.

किंवा असायचा. निगेटिव्हमधली प्रतिमा चांदीची असते. स्टुडिओ बंद होताना जुन्या फिल्म किलोवर घेणारे व्यापारी आले. त्यांनी चांदी काढून घेतली. काचेच्या प्लेटांचा थर धुऊन काच तसबिरींना लावली गेली. एका गावच्या पाडलेल्या देवळाचा फोटो शोधताना मला हेच उत्तर मिळाले: काच होती, देवाच्या तसबिरीला बसवली. तसबीर भिंतीवर होती. मी तिच्याकडे पाहत राहिलो, काचेतून.

आरसा धरणारा माणूस. वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांत बाहेरच्या उन्हात आरसा किंवा पत्रा धरून एक माणूस उभा असे. तो उजेड आत दुसऱ्याने धरलेल्या पांढऱ्या कापडावर घेत आणि तिथून मूर्तीवर टाकत. सूर्य सरकला की आरसा सरकवायचा. कोणत्या लेण्यात किती वाजता कुठे उभे राहायचे, हे त्या माणसाला कुठल्याही छायाचित्रकारापेक्षा चांगले कळे, कारण त्याने वर्षभर रोज ते ऊन पाहिलेले असे. एका बाजूने आलेला तो मऊ उजेड फिल्मला फार मानवायचा. आता विजेचे दिवे बसवले आहेत. चित्रांच्या आणि दगडाच्या रक्षणासाठी ते सौम्य ठेवतात, ते योग्यच आहे. पण दिवा एका जागी खिळलेला असतो, आणि एकाच जागेवरच्या उजेडात मूर्ती एकसारखीच दिसत राहते.

ट्रायपॉड. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकात तो लावायला परवानगी लागते. अंधाऱ्या सभामंडपात भिंग बारीक करून फ्रेम घ्यायची तर शटर कित्येक सेकंद, कधी मिनिटेही उघडे ठेवावे लागते. त्या वेळात समोरून गेलेली माणसे निगेटिव्हवर उमटत नाहीत. दर्शनाला आलेली अख्खी रांग निघून जाते आणि फोटोत रिकामा मंडप येतो. जुन्या फोटोंत देवळे ओस दिसतात त्याचे हेही एक कारण आहे. ती ओस होतीच असे नाही.

खिद्रापूरचा स्वर्गमंडप. कृष्णेच्या काठी, शिरोळ तालुक्यात. अठ्ठेचाळीस खांब, आणि मधोमध छताला मोठा गोल मोकळा भाग. खाली तेवढीच गोल शिळा. त्या मोकळ्या भागातून येणारा उन्हाचा गोल सकाळी पश्चिमेच्या खांबांवर असतो, दुपारी जमिनीवर उतरतो, संध्याकाळी पूर्वेला चढतो. कडेने बसलेल्या दिक्पालांवर तो एकामागून एक जातो. एका जागी दिवसभर बसले तर मंडप स्वतःच एकेक मूर्ती पुढे करतो. छायाचित्रकाराने फक्त थांबायचे. महाराष्ट्रात काळ्या-पांढऱ्या फोटोसाठी याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

इथल्या मूर्तींचे चेहरे आणि हात पुष्कळ ठिकाणी फुटलेले आहेत. उरलेल्यावर आता पाण्याचे काम चालू आहे. 2019 च्या महापुरात कृष्णा देवळात शिरली, 2021 मध्ये पुन्हा. पाणी ओसरल्यावर गाळ नक्षीच्या खाचांत बसतो. तो ओला असतानाच हलक्या हाताने धुतला तर निघतो. वाळल्यावर घासावा लागतो, आणि घासणे म्हणजे झिजवणे. गजपीठावरच्या हत्तींची पुराआधी घेतलेली फ्रेम आणि पुरानंतर घेतलेली फ्रेम त्याच जागेवरून, त्याच महिन्यात, त्याच वेळी हवी. अशी जोडी असेल तरच किती गेले ते सांगता येते.

पळसदेव. उजनीच्या पाण्यातले पळसनाथाचे देऊळ. धरणाचे पाणी फार खाली गेले की बाहेर येते, आणि दुष्काळाच्या वर्षी लोक ते पाहायला जातात. आलटूनपालटून बुडणे आणि वाळणे दगडाला सतत बुडून राहण्यापेक्षा वाईट.

वीरगळ. राज्यभर, हजारोंनी, बहुतेक बेवारस. तळच्या चौकटीत पडलेला वीर, त्याच्या वर झुंज, पुष्कळदा गाईंसाठी केलेली. मग त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. माथ्यावर कलश, दोन अंगांना चंद्र-सूर्य. बहुतेकांवर अक्षर नाही, म्हणून चित्र हाच त्या माणसाचा एकमेव लेख. एस. सेत्तर आणि गुंथर सोन्थायमर यांनी 1982 मध्ये स्मारकशिळांवर एक मोठा ग्रंथ संपादित केला, तेव्हापासून अभ्यासकांचे लक्ष आहे. गावाचे लक्ष वेगळ्या रीतीने आहे. कुठे वीरगळ म्हसोबा होऊन शेंदूर ल्याला आहे, तो सुरक्षित. कुठे पाराच्या सिमेंटमध्ये अर्धा गाडला गेला. तळची चौकट, म्हणजे खुद्द मरण, आता जमिनीखाली. कुठे ओढ्यावर कपडे धुवायला, कुठे गोठ्याची पायरी.

बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर वल्ह्यांची जहाजे आहेत, रांगेने. 1882 च्या ठाणे गॅझेटिअरात त्यांचे वर्णन आहे. तेराव्या शतकात शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यात समुद्रावर झालेल्या युद्धाशी अभ्यासक ती जोडतात. आरमारी लढाईचे असे चित्र आपल्याकडे फार दुर्मिळ.

वीरगळाचे कोरीवकाम उथळ असते, बोटाच्या पेराएवढेही नाही. दिवसा ते अनेकदा वाचताच येत नाही. त्यासाठी रात्री जायचे. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर उघडे, आणि बॅटरी दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून आडवी फिरवायची. झिजलेले घोडे उठतात, हातातली ढाल उठते, वल्हेकऱ्यांच्या पाठी उठतात. हे मी गावकऱ्यांसमोर करतो तेव्हा मुले पुढे येऊन मोजू लागतात: किती गाई, किती भाले. दुसऱ्या दिवशी त्या दगडावर कुणी कपडे आपटत नाही. हे एका गावात झाले म्हणून सगळीकडे होईल असे म्हणत नाही. तिथे झाले.

ठसा. शिलालेखावर ओला कागद बसवून ब्रशने ठोकायचा आणि वर शाई फिरवायची. काळ्यावर पांढरी अक्षरे येतात. शं. गो. तुळपुळ्यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेखां’सारखी कामे अशा ठशांवाचून होत नाहीत. ठसा घेणारे हात आता बोटांवर मोजण्याइतके.

मापासाठी उभा केलेला माणूस. सर्वेक्षणाच्या जुन्या फोटोंत देवळाच्या दाराशी किंवा खांबाला टेकून एखादा माणूस असतो, उंची कळावी म्हणून. पागोटे, काठी, उघडे पाय. त्याचे नाव बहुधा कुठेच नाही. 1868 मध्ये मुंबई सरकारने कलाशाळेची मंडळी अंबरनाथला पाठवून चित्रे, साचे आणि फोटो करवून घेतले. हेन्री कझिन्सचा दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचा ग्रंथ 1931 मध्ये निघाला. अशा कामांतल्या प्लेटा घेऊन त्याच देवळासमोर उभे राहावे आणि एकेक देवकोष्ठ ताडून पाहावे. कुठली मूर्ती होती आणि आता कोनाडा रिकामा आहे, हे त्यावरूनच कळते. चोरीला गेलेली मूर्ती परत मिळवायची तर असाच जुना, स्पष्ट फोटो पुराव्याला लागतो. आज मापासाठी पट्टी ठेवतात, ती अधिक अचूक आहे.

पाठीवरची पेन्सिल. ब्रोमाइडच्या मागे लिहिलेले गाव, देऊळ, भिंत, तारीख. शाईने लिहिले तर पुढे उमटते, म्हणून पेन्सिल. मोबाइल हे सगळे आपोआप नोंदवतो खरा, पण व्हॉट्सॲपवरून फोटो पुढे गेला की ती नोंद गळून पडते. वीरगळांचे कित्येक सुंदर फोटो असे फिरत असतात. गाव कुठले ते कुणालाच माहीत नाही, आणि गाव माहीत नसलेला वीरगळ अभ्यासाच्या कामाचा राहत नाही. म्हणून मी प्रत्येक देवळाची पहिली फ्रेम पाटीची घेतो. साधी दगडी पाटी आणि खडू. गाव, तालुका, कोणती भिंत, कितवे देवकोष्ठ, तारीख, वेळ, फिल्टर. मूर्तीचे नाव खात्रीने ठाऊक असेल तरच लिहितो. नसेल तर हात किती आणि हातांत काय, एवढे लिहितो.